क्लॅरोनेट विकण्याआधी

वसई, रविवार

प्रिय सायमन,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी फार बोललो नाही, त्यावरून रागावलो असं धरू नकोस. नवीन कवळी बसवून दहा दिवस झालेत. 'स' म्हटलं की शिट्टी वाजते आणि तुझी आई तोंड फिरवून हसते. तुझं नावच 'स'ने सुरू होतं, मग फोनवर काय बोलणार? म्हणून आज मिस्साहून आल्यावर कागद घेऊन ओटीवर बसलो.

तू दोन गोष्टी म्हणालास. एक म्हणजे क्लॅरोनेट विकायचं ठरलंय, पिंपरीचा कुणी मुलगा बघून गेला, तुमचा ग्रुपही मोडला, आणि एकतिसाव्या वर्षी आता काय व्हायचं राहिलंय. त्यावर माझं म्हणणं नाही. वाद्य तुझ्या पगाराचं आहे, ठेव नाहीतर वीक. दुसरी गोष्ट तू सहज बोलून गेलास. 'तुम्ही पण माझ्यासाठी सोडलंतच ना, बाबा.' ते वाक्य काही मला झोपू देईना. त्याचं उत्तर द्यायचंय, पण ते सरळ देता येत नाही. आधी एका माणसाविषयी सांगतो.

आपल्याकडे एक निळी कॅसेट होती, आठवते? तिची टेप अडकली की तू पेन्सिल घालून फिरवत बसायचास. फोर्टात फुटपाथवर घेतलेली, डबीवर कुणीतरी बॉलपेनने 'जॉर्ज लुईस' एवढंच लिहिलेलं. तो कोण, हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. नंतर गोदीतल्या एका जहाजावरच्या माणसाने त्याच्यावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं. विरार लोकलमध्ये उभ्याने वाचून ते संपवायला मला दीड वर्ष लागलं. पुढे तू फोन घेऊन दिलास, तेव्हा उरलेलं ऐकलं.

हा जॉर्ज लुईस अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा, जॅझ वाजवणारा क्लॅरोनेटवाला. जन्म १३ जुलै १९००. पाळण्यातलं नाव वेगळंच, जोसेफ लुई फ्रान्स्वा झेनाँ. नाव फ्रेंच, धर्म कॅथलिक, कातडी काळी, आणि आई दुसऱ्यांच्या घरी कामाला जाणारी. आईचं नाव ॲलिस झेनो. तिच्या पणजीला १८०३ च्या सुमारास सेनेगलहून गुलाम म्हणून लुइझियानात आणलं होतं. त्या घरात सेनेगलकडची भाषा आणि रीतिरिवाज थोडेथोडे ॲलिसच्या पिढीपर्यंत टिकून होते. शंभर वर्षं! हे वाचलं तेव्हा मला तुझी आजी आठवली. ती तुझ्याशी कादोडीत बोलायची आणि तू मराठीत उत्तर द्यायचास. गुलामगिरीतून जी भाषा निभावली ती आपल्याकडे एका इंग्रजी शाळेने घालवली. असो, तुला त्या शाळेत मीच घातलं.

जॉर्ज सात वर्षांचा असताना आईने त्याला खेळण्यातलं व्हायोलिन आणायला पंचवीस सेंट दिले. दुकानातली व्हायोलिनं संपली होती. पोरगं रिकाम्या हाताने कसं परतणार? त्याने एक छोटी बासरी घेतली. पुढे मोठा झाल्यावर क्लॅरोनेट हातात आलं आणि ते तो आपलं आपणच शिकला. नोटेशन त्याला कधीच वाचता आलं नाही, शेवटपर्यंत.

इथे जरा थांबतो, कारण हे तुला वाटतं तेवढं साधं नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये त्या काळी क्लॅरोनेटचे चांगले उस्ताद होते. लोरेन्झो टिओ नावाच्या क्रिओल, म्हणजे फ्रेंच वळणाच्या मिश्र वंशाच्या, मास्तराच्या हाताखाली बार्नी बिगार्ड, जिमी नून, ओमर सिमियन, आल्बर्ट निकोलस असे एकेक तयार झाले. त्यांना वाचता येई, बोटं स्वच्छ, सूर गोल. ते शिकागोला गेले, न्यू यॉर्कला गेले, रेकॉर्डवर नाव छापून आलं. जॉर्ज तिथलाच, पण कुठे गेला नाही. विशीत तो चांगल्या चांगल्या बँडमध्ये वाजवत होता, बडी पेटीसारख्या कॉर्नेटवाल्याबरोबर, मिरवणुकीत युरेका ब्रास बँडबरोबर. पण ज्या वर्षांत बाकीच्यांच्या तबकड्या निघत होत्या, त्या वर्षांत त्याची एकही निघाली नाही.

आपल्या गोव्याच्या मंडळींचं उलटं झालं बघ. तिकडे चर्चच्या शाळेत पोरांना आधी सोल्फेज, म्हणजे कागदावरचे सूर वाचून गाणं, घोटवायचे, मग वाद्य. त्या वाचनाच्या जोरावर गोवेकर मुंबईच्या हॉटेलांत शिरले आणि तिथून सिनेमाच्या स्टुडिओत. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस. आपले सी. रामचंद्र त्यांच्याकडून जे वाजवून घेत ते अजून लग्नात वाजतं. आणि तुला माहीत नसेल, १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये खुद्द अमेरिकेचे काळे वादक येऊन राहिले होते. त्यांत रूडी जॅक्सन होता, १९२७ साली ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणारा. म्हणजे ज्या काळात रूडी जॅक्सन अपोलो बंदरावर बसून चहा पीत असेल, त्या काळात जॉर्ज लुईस न्यू ऑर्लिन्सच्या गोदीत गोणी उचलत होता. चहाचं माझ्या मनाचं, गोदीचं खरं.

गोदीचं सांगण्याआधी १९३१ ची एक रात्र सांगतो. लुइझियानात रेन नावाचं एक गाव आहे. इव्हान थॉमस नावाच्या ट्रंपेटवाल्याचा बँड तिथे नाचाच्या कार्यक्रमाला गेला होता. जॉर्ज क्लॅरोनेटवर, आणि बंक जॉन्सन नावाचा जुना ट्रंपेटवाला सोबत. कार्यक्रम चालू असताना एक माणूस सुरा घेऊन स्टेजवर चढला आणि त्याने इव्हान थॉमसला भोसकून मारलं. त्या गोंधळात वाद्यांचाही चुराडा झाला. बँड तिथेच संपला. बंकचं पुढे ट्रंपेट गेलं, दात गेले, तो गावाकडे शेतमजुरी करू लागला. जॉर्ज शहरात परतला. मंदी आली होती, वाद्यावर पोट भरेना. तो जहाजं भरायच्या-उतरवायच्या कामाला लागला.

आपल्या वरातीच्या बँडच्या सुपाऱ्यांत आपण काय काय सोसलं, ते आठवून मी हसलो. नवऱ्याच्या मामाने दारू पिऊन ड्रममध्ये पाय घातला होता, त्याची भरपाई आपण दोन वर्षं मागत होतो. आपण नशीबवान.

आता गोदी. मी टॅली क्लार्क होतो, माल मोजून लिहिणारा, हमाल नव्हे, हे तुला माहीत आहे. माझ्या हातात पेन्सिल आणि शीट. पण चोवीस वर्षं हमालांच्या बाजूला उभं राहिलो. स्लिंगमध्ये, म्हणजे क्रेनच्या दोरात, बांधलेला माल वर गेला की सगळे वर बघतात, कुणी सांगावं लागत नाही. मान आपोआप वर जाते. घरी आल्यावर तुझी आई माळ्यावरून डबा काढायची तरी माझी मान वर जायची. आणि बोटं. गोणीच्या सुतळीने बोटांच्या पेरांना चिरा पडतात. क्लॅरोनेटची भोकं उघडी असतात, पेराच्या मऊ भागाने ती झाकावी लागतात. चीर पडली की हवा निसटते, सूर फाटतो. जॉर्ज वर्षानुवर्षं दिवसा असल्या हातांनी काम करायचा आणि रात्री डान्स हॉलमध्ये त्याच हातांनी वाजवायचा. अंगाने किडकिडीत माणूस. फोटो बघ, वाऱ्याने उडेल असा.

तो तिथे कशाची वाट बघत होता असं मला पुस्तकात कुठे दिसलं नाही. कामावर जात होता, आणि वाजवत होता. बस.

मग काय झालं, की उत्तरेकडच्या काही गोऱ्या हौशी लोकांनी जॅझचा जुना इतिहास खणायला घेतला. त्यात त्यांना बंक जॉन्सन सापडला. बंक म्हणाला, दात आणि ट्रंपेट द्या, वाजवून दाखवतो. दात करून दिले लिओनार्ड बेशेने. तो नावाजलेल्या क्लॅरोनेटवाल्या सिडनी बेशेचा भाऊ, व्यवसायाने दंतवैद्य! (हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे तुमच्या कवळीलाही आशा आहे.) जून १९४२ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या एका वाद्यांच्या दुकानात वरच्या मजल्यावर बंकचं रेकॉर्डिंग झालं आणि क्लॅरोनेटवर होता जॉर्ज. तेव्हा तो बेचाळिसाला टेकला होता. पुढच्या वर्षी मे महिन्यात जिप्सी टी रूम नावाच्या ठिकाणी त्याच्या स्वतःच्या नावाने पहिल्यांदा तबकड्या भरल्या गेल्या.

आता तू म्हणशील, बाबांचं आलं लक्षात, बेचाळिसाव्या वर्षी नशीब उघडतं, धीर धर. नाही रे. असलं काही मला सांगायचं नाही. त्याच्यासारखे पन्नास जण त्या गल्ल्यांत वाजवत असतील, त्यांच्या दारात कुणी मशीन घेऊन आलं नाही. आणि नशीब उघडलं म्हणजे तरी काय? दुसऱ्या दिवशी पुन्हा गोदीच.

१९४४ साली त्याच गोदीत एक जड खोका त्याच्यावर आला. छाती चिरडायचीच बाकी राहिली. घरी अंथरुणावर पडला. सेंट फिलिप स्ट्रीटवर घर होतं. दोस्त भेटायला यायचे, बँजोवाला लॉरेन्स मारेरो आणि बासवाला ॲल्सिड पावाजो, ज्याला सगळे 'स्लो ड्रॅग' म्हणत. बिल रसेल म्हणून एक माणूस होता, स्वतः व्हायोलिन वाजवणारा, संगीतरचना करणारा, पण या जुन्या वादकांपायी वेडा झालेला. तो तबकडीवर रेकॉर्ड करायचं मशीन उचलून त्या घरी घेऊन गेला. आणि तिथे, घरातल्या घरात, त्या तिघांनी जे वाजवलं ते म्हणजे 'बर्गंडी स्ट्रीट ब्लूज'. बर्गंडी ही त्यांच्याकडची गल्ली. तिथले लोक म्हणे त्याचा उच्चार 'बर-गन्-डी' करतात, मधल्या अक्षरावर जोर देऊन. आपण आगाशीला आगाशीच म्हणतो, मुंबईचा कंडक्टर काहीही म्हणो, तसं.

हे तू कानाला हेडफोन लावून ऐक, चालता चालता नको. ट्रंपेट नाही, ड्रम नाही. बँजो चार मात्रा धरून बसलेला, खाली बासची तार लाकडावर आपटतेय. क्लॅरोनेट बारा-बारा मात्रापट्ट्यांचा तोच ब्लूज फिरून फिरून म्हणतं. गत इतकी सोपी की तू पाचवीत असताना तुला जमली असती. पण प्रत्येक फेरीला तो एखादा सूर थोडा उशिरा सोडतो, एखादा खालून ओढून आणतो. तो श्वास कुठे घेतो ते मी मोजलंय. आपण दोघं एका दमात जेवढं वाजवू त्याच्या अलीकडेच तो थांबतो. छातीत दुखत असेल म्हणून, की तिथे थांबणंच बरोबर म्हणून, हे सांगता येत नाही. आणि थांबल्यावर बँजो एकटा चालत राहतो, ती दोन मात्रांची जागा मला सगळ्यात आवडते.

तुझे पुण्यातले मित्र म्हणतील, हा बेसुरा आहे. आहेच कधी कधी. वरच्या पट्टीत त्याचा सूर चढतो, बँड जोरात असला की किंचाळतो. बिगार्डच्या शेजारी बसवलं तर जॉर्ज हरेल. समीक्षकांनी त्या काळी हे लिहिलंही. मला ते अमान्य नाही. पण आपल्या काकांनी मला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? क्लॅरोनेट हे काळं लाकूड आहे, ते गाणार नाही, तू गा. न्यू ऑर्लिन्सच्या बँडमध्ये ट्रंपेट गत धरतो, ट्रॉम्बोन खालून सरकत सरकत जागा भरतो, आणि क्लॅरोनेट या दोघांच्या वरून वेल चढावी तसं फिरतं. तिघंही एकदम बोलत असतात, कुणी लिहून दिलेलं नसतं. आपल्या बँडमध्ये तीन क्लॅरोनेटं तिन्ही एकच चाल वाजवायची आणि तरी मागे-पुढे व्हायची. मी एकदा कॅसेट ऐकून आल्यावर वरातीत असं वरून फिरायचा प्रयत्न केला. मास्तरांनी भर रस्त्यात विचारलं, 'पोट बिघडलंय का?'

पुढचं भराभर सांगतो. सप्टेंबर १९४५ मध्ये बंकचा बँड न्यू यॉर्कला स्टायव्हसंट कॅसिनोमध्ये लागला, जॉर्ज त्यात. वर्तमानपत्रवाले धावले. बंकचं डोकं फिरलं, तो कुणाचं ऐकेना, आणि पुढच्या वर्षी जॉर्ज आपला घरी आला. बँड आता त्याच्या नावावर चालू लागला. १९५० साली 'लुक' मासिकाने त्याच्यावर फोटो छापले. ते काढणारा पोरगा होता स्टॅनली कुब्रिक, जो पुढे सिनेमावाला झाला. इंग्लंडमधून केन कॉलयर नावाचा गोरा ट्रंपेटवाला केवळ या मंडळींबरोबर वाजवायचं म्हणून व्यापारी जहाजावर नोकरीला लागला, अमेरिकेत जहाज सोडून पळाला आणि न्यू ऑर्लिन्सला पोचला. त्यांच्याबरोबर वाजवलं, मुदत संपली म्हणून तुरुंगात बसला, परत पाठवला गेला. आमच्या गोदीत जहाज सोडून पळालेले मी पाहिलेत. क्लॅरोनेट ऐकायला पळालेला एकही नाही.

१९५७ साली याच कॉलयरने जॉर्जला इंग्लंडला बोलावलं. दोन वर्षांनी तो आपला सगळा बँड घेऊन पुन्हा गेला. तिकडे तरुण पोरं त्याच्यासारखी वाजवायला लागली. त्यातल्याच एकाची, ॲकर बिल्कची, एक रेकॉर्ड १९६२ मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेली. जॉर्जची कधी गेली नाही. हे वाचून मला चीड आली होती. ज्याच्या घरात आवाज जन्मला तो घरी, आणि नक्कल करणारा मोटारीत. बिल्क वाईट वाजवतो असं नव्हे, गोड वाजवतो. पण न्यू ऑर्लिन्समध्ये तेव्हा काळ्या आणि गोऱ्या वादकांच्या युनियनसुद्धा वेगळ्या होत्या. काळ्याने गोऱ्याबरोबर स्टेजवर बसणं म्हणजे पोलिसांना बोलावणं. जॉर्ज गोदीत का होता, याचं उत्तर 'त्याला वाचता येत नव्हतं' एवढ्यावर सोडून देऊ नकोस.

जपानला तो तीनदा गेला, १९६३, ६४ आणि ६५. तिथले हॉल भरून वाहिले. १९६१ पासून न्यू ऑर्लिन्सच्या सेंट पीटर स्ट्रीटवर प्रिझर्व्हेशन हॉल सुरू झाला होता. एक जुनाट खोली, थोडी बाकं, बाकीच्यांनी जमिनीवर बसायचं, दारू नाही, जेवण नाही, ऐकायचं तेवढं. तिथे तो अखेरपर्यंत वाजवत राहिला. ३१ डिसेंबर १९६८ ला गेला. आपण मध्यरात्रीच्या मिस्साची तयारी करतो त्या दिवशी. त्याच्या मयताला अर्थातच ब्रास बँड होते. त्यांच्याकडे रीत अशी की दफनभूमीकडे जाताना पाय ओढत, भजनाच्या गतीने वाजवायचं, आणि माती देऊन झाली की परतताना ड्रमचं कापड काढून एकदम नाचायची चाल धरायची. मागून सगळा मोहल्ला छत्र्या फिरवत नाचतो. काकांच्या मयताला आपण जाताना गायनाची चाल संथ वाजवली होती, तेवढं अगदी तसंच. येताना मात्र आपण गुपचूप चहा-पाव खाल्ला. नाचलो असतो तर फादरांनी पुढच्या रविवारी प्रवचनात आपल्यालाच घेतलं असतं.

आता तुझं वाक्य.

तू समजतोस की माझी एक मोठी संधी होती आणि संसारासाठी मी ती सोडली. हे तुला कुणी सांगितलं, मला अंदाज आहे. तुझ्या आत्याला अशा गोष्टी रंगवून सांगायला आवडतात. खरं काय ते ऐक. १९८६ साली मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलातल्या बँडलीडरने मला बोलावलं होतं. तू तेव्हा जन्मायचा होतास, माझं लग्नही व्हायचं होतं. म्हणजे तुझ्यासाठी काही सोडायचा प्रश्नच नव्हता. मी तीन रात्री गेलो. पहिल्या रात्री समोर कागद ठेवले. मला वाचता येतं, पण बोट लावून, जपमाळेतल्या मण्यांसारखं एकेक. बाकीचे दुसऱ्या पानावर गेले तेव्हा मी पहिल्याच्या तळाशी होतो. दुसऱ्या रात्री त्यातलं बरंचसं पाठ करून गेलो, निभलं. तिसऱ्या रात्री निभण्यासारखं होतं, तरी माझ्या लक्षात आलं की समोरचे सगळे पाठ फिरवून जेवताहेत. काटे-चमचे वाजताहेत. मी माझा एकट्याचा तुकडा वाजवला आणि कुणी मान वर केली नाही. बँडलीडर चांगला माणूस होता, म्हणाला, महिनाभर ये, शिकशील. मी चौथ्या दिवशी गेलो नाही. त्या रविवारी नाळ्यात एका लग्नाला आपला बँड होता, तिथे गेलो. वाडीतून वरात निघाली, केळीच्या बागेतून, आणि एक म्हातारी वरातीकडे न बघता माझ्या बोटांकडे बघत बरोबर चालत होती, चर्चपर्यंत.

एवढंच. त्याला त्याग म्हण, भित्रेपणा म्हण. मला तर तेव्हा खूप सुटल्यासारखं वाटलं होतं. पुढे चोवीस वर्षं मी गोदीची पाळी सांभाळून सुपाऱ्या वाजवल्या. तू मांडीवर बसून ऐकलंस तेव्हाही मी 'सोडलेला' नव्हतो. दात जाईपर्यंत मी वाजवत होतो, आणि तू ते संगीत धरत नाहीस कारण ते लग्नातलं होतं, याचं मला थोडं वाईट वाटलं. थोडंच. डीजे आल्यावर सुपाऱ्या कमी झाल्या, ती वेगळी गोष्ट, त्याचं खापर तुझ्यावर नाही फोडता येणार.

तेव्हा तुझं क्लॅरोनेट तू तुझ्या कारणाने वीक. कंटाळा आला म्हणून, जागा अडते म्हणून, पैसे लागतात म्हणून. माझ्या नावाने विकू नकोस. मी काही सोडलं नव्हतं, मग तू माझं बघून सोडतोस म्हणजे काय?

विकणारच असलास तर एवढं कर. त्या मुलाला आधी एकदा वाजवायला सांग, त्याचं बोट खालच्या 'फा'ला पोचतं का बघ. नाहीतर महिन्याभरात तो ते माळ्यावर टाकेल. जोडाचा कॉर्क सुकला असेल, त्याला मेणबत्तीचं मेण लाव, कुणी काहीही सांगो, खोबरेल लावू नको. आणि पेटी नीट पूस, तिच्या अस्तरात तू शाळेत असताना लपवलेली दहाची नोट अजून असेल.

नाही विकलंस तर सणाला येताना घेऊन ये. बँडमधले आम्ही पाच जण उरलोय, पण ट्रॉम्बोनवाला लोपिस अजून फुंकतो. माझ्यासाठी दीड नंबरच्या, मऊ रीडचं पाकीट आण. अडीचची आता या कवळीला झेपत नाही. काल दारं बंद करून लावून पाहिलं. खालचे सूर येतात, 'बर्गंडी'च्या पहिल्या चार पट्ट्या आल्या. मग कवळी सुटून माउथपीसवर आदळली, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, 'बशी फुटली का?'

सुकेळी पाठवलीत, कुरिअरवाला बुधवारी येईल म्हणाला. डब्यात मुंग्या होऊ देऊ नकोस.

तुझे,
बाबा